जाणणारे गाव आणि बोलणारा माणूस : रहस्यपटाच्या संकेतांविषयी एक नैतिक प्रश्न

१

नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील घरांना परंपरेने दारे नसतात. चौकट असते, फार तर पडदा असतो. कडीकोयंडा आणि कुलूप नसते. गावाची राखण शनिदेव करतो, चोराला तोच शासन करतो, ही त्यामागची श्रद्धा. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा त्याची बातमी झाली, आणि २०१५ साली गावात पोलीस ठाणे आले तेव्हा त्याचीही झाली. श्रद्धेचा खरेखोटेपणा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मला या गावाविषयी पडलेला प्रश्न वेगळा आहे, आणि प्रथमदर्शनी तो थोडा पोरकट वाटेल : दारे नसलेल्या गावात रहस्यपट कसा काढावा?

प्रश्न पोरकट नाही, हे रहस्यपटाच्या भाषेकडे पाहिले की कळते. या चित्रप्रकाराचे निम्मे व्याकरण दाराभोवती रचलेले आहे. बंद दार, दाराखालून दिसणारी उजेडाची रेघ, हळूच फिरणारी मूठ, किल्लीच्या भोकाला लावलेला डोळा, जिन्यावर वाजणारी पावले आणि दार उघडण्याच्या नेमक्या क्षणी केलेला चित्रच्छेद. दार म्हणजे जाणणे आणि न जाणणे यांच्यामधली सीमा. अलीकडे अज्ञान, पलीकडे सत्य. दार उघडले की सत्य सापडते आणि चित्रपट संपतो. सत्य कुठेतरी बंद करून ठेवलेले असते आणि ते सापडले की प्रश्न सुटतो, हे या व्याकरणाचे न बोललेले गृहीतक आहे.

परंतु सत्य बंद खोलीत नसून गावाच्या चावडीवर उघडे पडलेले असेल तर? ते सर्वांना ठाऊक असेल आणि तरीही कोणी उच्चारत नसेल तर? तेव्हा कुलूप दाराला नसते, तोंडाला असते. अशा सत्याशी रहस्यपटाचे संकेत कसे वागतात, आणि ते पाहणाऱ्या आपल्याला कोणत्या नैतिक स्थितीत नेऊन ठेवतात, हा या लेखाचा विषय आहे. त्याचा विचार मी मुख्यतः मराठी लेखक आणि कलावंत यांच्या हातून घडलेल्या काही चित्रपटांच्या आधारे करणार आहे. हा विचार मला वारंवार नगर जिल्ह्यात परत का आणतो, हे पुढे स्पष्ट होईल.

२

रहस्यपट आणि थरारपट हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. तांत्रिक दृष्ट्या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक माहितीच्या वाटपाचा आहे. कोणाला काय ठाऊक आहे आणि केव्हा ठाऊक होते, यावर या प्रकाराची सारी रचना उभी असते.

पहिल्या रचनेत प्रेक्षकाला कमी ठाऊक असते. खून झाला आहे. कोणी केला हे पडद्यावरच्या एकाला तरी माहीत आहे, आपल्याला नाही. कॅमेरा काही गोष्टी मुद्दाम चौकटीबाहेर ठेवतो, संकलक एखादे दृश्य अर्ध्यावर तोडतो, प्रकाशयोजना चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात बुडवते. १९६४ सालचा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ हा मराठीतील या रचनेचा नमुनेदार चित्रपट. ज्या पत्नीचा मृत्यू वकील पतीने स्वतः पाहिला आहे, तिच्याच रूपाची एक स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. कोर्ट, उलटतपासणी, खासगी आठवणींचे पुरावे, आणि अखेरीस जुळ्या बहिणींचा उलगडा. हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ (१९६६) झाला. उलगडा झाल्यावर काहीही शिल्लक राहत नाही. गणित सुटते, पाटी पुसली जाते.

दुसऱ्या रचनेत प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते. फ्राँस्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संभाषणात आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचा दृष्टान्त दिला आहे. दोन माणसे बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर काही क्षणांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर तेच निरर्थक बोलणे असह्य होते. पडद्यावरच्या माणसांना ओरडून सावध करावे असे वाटू लागते. समांतर संकलन, घड्याळाकडे पुन्हा पुन्हा वळणारा कॅमेरा, ताणलेला क्षण, चौकटीबाहेरून येणारा आवाज ही या रचनेची साधने.

दोन्ही रचना एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण नैतिक दृष्ट्या त्यांचे फळ एकच आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या चित्रप्रकाराचा सर्वांत जुना संकेत तोच : प्रेक्षकाला निर्दोष ठेवणे. पहिल्या रचनेत आपल्याला काही ठाऊकच नसते, म्हणून आपण निर्दोष. दुसरीत ठाऊक असते, पण पडदा ओलांडून जाता येत नाही. आपण असहाय असतो, म्हणून पुन्हा निर्दोष. भयाचा आस्वाद घेता येतो तो या दुहेरी अभयामुळे. आपल्या साहित्यशास्त्राने या अवस्थेला साधारणीकरणाचे नाव दिले. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी दाखवून दिले की, रंगमंचावरचे भय ‘माझे’ नसते, ‘शत्रूचे’ नसते, तसे ‘तटस्थाचे’ही नसते. ते कोणाचे आहे हा प्रश्न विरघळतो, म्हणूनच त्याचा रस होतो. रसाच्या दृष्टीने ही सिद्धी आहे. पण भय कोणाचे हा प्रश्न विरघळला की मरण कोणाचे हाही विरघळतो, आणि तेथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

३

या दोन्ही रचनांबाहेरची एक तिसरी रचना ‘सामना’ या चित्रपटात आढळते. दिग्दर्शक म्हणून जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे. १९७५ साली बर्लिनच्या २५व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. निर्माते रामदास फुटाणे हे नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे. जिल्ह्याचा संबंध एवढाच नाही. चित्रपटातले जग सहकारी साखर कारखान्याभोवती उभे राहिलेले आहे, आणि त्या जगाची सुरुवात याच जिल्ह्यात झाली : प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०च्या सुमारास उभा राहिलेला कारखाना हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना मानला जातो. चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हे काल्पनिक पात्र आहे. कोणा एका व्यक्तीचे ते चित्र नव्हे. सहकारातून गावोगावी शाळा, दवाखाने आणि पाणी आले, हेही खरे. परंतु पाणी, कर्ज, नोकरी आणि न्याय यांच्या किल्ल्या जेव्हा एकाच हाती येतात तेव्हा बोलण्याचे काय होते, हा ‘सामना’चा प्रश्न आहे.

एक दारुडा, पराभूत, जुना गांधीवादी मास्तर (डॉ. श्रीराम लागू) या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी ठेवून घेतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येते आणि त्या माणसाचे काय झाले, असे तो विचारू लागतो. एवढ्यावर चित्रपट उभा आहे. रहस्यपटाचे सारे बाह्य घटक येथे आहेत : नाहीसा झालेला माणूस, आगंतुक शोधक, बलाढ्य संशयित. पण संकेत मात्र एकामागून एक उलटे होतात. अंधार नाही, लख्ख ऊन आहे, उघडी शेते आहेत. पाठलाग नाही, पाहुणचार आहे, आणि धमकी त्या पाहुणचारातच आहे. शोधकाला सुगावे गोळा करावे लागत नाहीत, कारण मारुती कांबळेचे काय झाले हे गावाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते मास्तरला आणि आपल्याला. म्हणजे येथे रहस्य वस्तुस्थितीत नाही, ते संबंधात आहे. सत्य लपलेले नसून ते बोलण्याची किंमत चुकवायला कोणी तयार नाही.

म्हणूनच ‘सामना’तला ताण हा उलगड्याचा ताण नाही. मारुती कांबळेचे काय झाले असावे, हे आपण फार लवकर ओळखतो. ओळखूनही चित्रपट संपत नाही. पुढचा ताण वेगळा असतो : आता कोण बोलेल? आणि या ठिकाणी प्रेक्षकाचे अभय पहिल्यांदा काढून घेतले जाते. आपणही आता जाणणाऱ्यांत आलो. गप्प बसलेल्या गावात एकाची भर पडली. तो प्रश्न पुढे मराठी बोलण्यात म्हणीसारखा रुळला, याचे कारण नुसत्या संवादाच्या टाळीत नसावे. आपल्या भोवतीही असे एखादे नाव आहे, हे ऐकणाऱ्याला आतून ठाऊक होते.

तेंडुलकरांना हा विषय अचानक सुचला नव्हता. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात त्यांनी तपास आणि न्याय यांचाच खेळ करून दाखविला होता. तेथेही कोणाला नवे काही शोधायचे नसते, ठाऊक असलेले वापरायचे असते. १९७०च्या दशकात नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. पुढे गोविंद निहलानी यांच्यासाठी लिहिलेल्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) त्यांनी न्यायालयीन थरारपटाचा मुख्य आधारच काढून घेतला. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू (ओम पुरी) आपल्या वकिलाशीही बोलत नाही. सारे काही ज्याला ठाऊक आहे तोच मुका आहे. साक्षीच्या पिंजऱ्यातला नाट्यमय कबुलीजबाब हा या प्रकाराचा हुकमी शेवट. येथे त्याच्या जागी बापाच्या चितेजवळची एक किंकाळी आहे.

‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) ही वाट आणखी पुढे जाते. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. पोलीस थरारपटात खलनायक शोधावा लागतो, त्याचा मुखवटा उतरवावा लागतो. रामा शेट्टीला मुखवटा नाही. तो राजरोस बसलेला आहे. आवाज चढवीत नाही, घाई करीत नाही, आणि त्याचे गुन्हे कोणापासूनही लपलेले नाहीत. ही भूमिका केली ती नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी, आणि त्यांच्या अभिनयाचे मर्म मला या निवांतपणात दिसते. हिंदी खलनायकाच्या गडगडाटी संकेतातून ते पूर्ण बाहेर आले, कारण ज्याला काहीच लपवायचे नाही त्याला ओरडावे लागत नाही. वेलणकर हा फौजदार सत्य शोधून थकत नाही. सत्य ठाऊक असूनही त्याचे काही करता येत नाही, म्हणून थकतो. शेवटी तो रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन हजर होतो. या शेवटाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत न्यायाचा आनंद किती आणि बोलण्याच्या जबाबदारीतून झालेली सुटका किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

४

येथवरची चर्चा आस्वादाच्या कक्षेत राहिली. तिला तेथेच राहू देता आले असते, तर बरे झाले असते.

एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे दलित समाजातील एका शाळकरी मुलाची हत्या झाली. १७९५ च्या मराठे आणि निजाम यांच्यातील लढाईमुळे इतिहासाला ठाऊक असलेले हेच ते खर्डे. फिर्यादीनुसार त्या मुलाला दिवसाउजेडी, शाळेच्या परिसरातून, मारहाण करीत नेण्यात आले होते. खटला उभा राहिला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या आरोपींविषयी येथे काहीही सुचवायचे नाही. न्यायालयाने निर्णय दिला आहे. पण त्या निर्णयानंतर एक मूल मरण पावले एवढेच निश्चित उरले, आणि ज्या तालुक्यातल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी मारुती कांबळेविषयीचा प्रश्न पडद्यावर आणला, त्याच तालुक्यात तो प्रश्न नाव बदलून पुन्हा उभा राहिला.

ही घटना मी चित्रपटांच्या शेजारी मांडतो आहे, यातला धोका मला दिसतो. प्रत्यक्षातले मरण हे कोणत्याही सिद्धान्ताचे उदाहरण होऊ नये. तरीही ती मांडतो, कारण रहस्यपटाने आपल्याला लावलेली सवय येथे उघडी पडते. अशी बातमी वाचताना आपले मन आपोआप ‘कोणी केले’ या प्रश्नाकडे धावते. ते कळले नाही तर हुरहुर लागते, काही दिवसांनी ती विझते. एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटाची विझावी तशी. पण दिवसाउजेडी, माणसांच्या वावरात घडलेल्या गोष्टीत खरा प्रश्न तो नसतो. पाहणाऱ्यांचे पुढे काय झाले, त्यांनी पाहिलेले कुठे गेले, हा असतो. तो विचारायला आपल्या मनोरंजनाने आपल्याला शिकवलेले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. साक्षीदाराने बोलावे असे म्हणणे सोपे आहे. तो त्याच गावात राहतो. त्याच विहिरीचे पाणी, त्याच मालकाच्या शेतावर काम, त्याच रस्त्याने मुलीची शाळा. निकालानंतर वार्ताहर निघून जातात, तो राहतो. साक्षीदारांना संरक्षण देण्याच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती २०१८ साली. म्हणजे भय खरे आहे, ते दूर करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे मान्य व्हायलाच इतका काळ जावा लागला. कॉस्ता-गाव्रास यांच्या ‘झेड’ (१९६९) या राजकीय थरारपटात प्रामाणिक तपास अधिकारी सर्व काही सिद्ध करतो. आपण सुटकेचा श्वास घेतो, आणि मग शेवटचे निवेदन सांगते की साक्षीदार एकामागून एक मेले. सत्य सिद्ध झाल्यावर साक्षीदाराचे काय होते, हे सांगणारा तो दुर्मीळ चित्रपट.

म्हणून गप्प राहिलेल्या गावकऱ्याला भ्याड ठरविण्याचा अधिकार मला नाही. सिनेमागृहाच्या खुर्चीत बसून मागितलेले धैर्य फुकटचे असते. प्रश्न त्याच्याकडे नव्हे, आपल्याकडे वळवायचा आहे : ज्यांना बोलण्याची किंमत फारशी पडत नाही असे आपण, ठाऊक असलेल्या गोष्टीला रहस्य का म्हणतो?

५

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या भाषेतल्या एका शब्दाशी थांबावे लागते. तो शब्द ‘साक्षी’. सांख्यांचा पुरुष साक्षी आहे : तो द्रष्टा आहे, मध्यस्थ आहे, अकर्ता आहे; प्रकृती नाचते, तो पाहतो. पाहण्याने त्याला काही चिकटत नाही. न्यायालयातला ‘साक्षीदार’ याच शब्दातून आला, पण त्याची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याने जे पाहिले ते त्याला चिकटते. शपथ घेऊन, नाव सांगून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून त्याला ते परत द्यावे लागते. एका साक्षीत मुक्ती आहे, दुसरीत बंधन. सिनेमागृहातल्या काळोखात आपण पहिल्या अर्थाने साक्षी असतो, आणि कित्येकदा बाहेर आल्यावरही तसेच राहतो. आपल्या अलिप्ततेला एका थोर तत्त्वज्ञानाचे वस्त्र सहज मिळते.

परंतु त्याच परंपरेत एक सूक्ष्म सूचनाही आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातल्या परमपुरुषाला ‘उपद्रष्टा’ म्हटले आहे, म्हणजे जवळून पाहणारा. आणि लगेच ‘अनुमंता’, म्हणजे अनुमती देणारा. ही दोन विशेषणे तेथे वेगळ्या संदर्भात आहेत आणि त्यांचा अर्थ मी ओढूनताणून लावू इच्छीत नाही. पण मानवी व्यवहारात ती शेजारी ठेवून पाहिली, तर ती एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतात : जवळून पाहणे आणि संमती देणे यांच्यात एका पावलाचे अंतर असते. त्याच गीतेवरची मराठी टीका शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला झाली. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात. ज्ञान संस्कृताच्या कुलपात राहू नये, ते सर्वांना कळेल अशा बोलीत आले पाहिजे, या निश्चयातून आलेला तो ग्रंथ आहे. ठाऊक असणे पुरेसे नाही, ते सांगितले गेले पाहिजे, ही जाणीव या मातीला परकी नाही.

१९७८ साली रामदास फुटाणे यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाचे नावच ‘सर्वसाक्षी’ होते. गावातल्या अंधश्रद्धेशी झुंजणारा शिक्षक त्याच्या केंद्रस्थानी आहे. एरवी ईश्वरासाठी वापरला जाणारा हा शब्द गावासाठी वापरला तर त्याचा उपरोध तीव्र होतो : सर्व पाहणारे, आणि म्हणून काहीच न बोलणारे.

उलट बाजूने आणखी एक शीर्षक आठवते. पुण्यात १९७६-७७ मध्ये घडलेल्या, जोशी-अभ्यंकर खून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्यांवर आधारलेला ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६). कायद्यातला माफीचा साक्षीदार बोलतो, पण स्वतःची सुटका व्हावी म्हणून बोलतो. प्रत्यक्षातल्या खुनांवर थरारपट काढताना चित्रपटही याच स्थितीत सापडण्याचा संभव असतो. सत्य सांगितल्याचे श्रेय त्याला मिळते, आणि त्या सत्याच्या भीषणतेतून मिळणारा थरार तो तिकिटाच्या भावात विकतोही. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्यासाठी ते साधारणीकरण नसते. त्यांना त्या भयाचा मालक नेमका ठाऊक असतो.

६

मग रहस्यपटाने काय करावे? प्रत्येक रहस्यपट नीतिपाठ व्हावा, असे माझे म्हणणे नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. तो खेळ प्रामाणिक होता आणि खेळाला खेळ म्हणून मान आहे. ‘पाठलाग’चा आनंद मला आजही कमी करून घ्यायचा नाही. खेळाचे नियम उघड असतात तोवर त्याने कोणाची फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती खऱ्या मरणाला खेळाचे नियम लावले की. सुगावे, संशयित, कलाटणी आणि उलगडा या चार टप्प्यांत ते बसविले की ते ‘सुटते’, आणि सुटलेल्या गोष्टीचे ओझे कोणी वाहत नाही.

तंत्र बदलून प्रेक्षकाचे हे अभय काढून घेता येते. नागराज मंजुळे यांनी चित्रपटाचे औपचारिक शिक्षण घेतले ते नगरच्याच एका महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागात. त्यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट हिचकॉकच्या बॉम्बच्या रचनेवर उभा आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, चहा होतो. टेबलाखाली काय आहे हे आपल्याला कळलेले असते, घरातल्या दोघांना नाही, किंवा त्यांनी ते कळू दिलेले नाही. येथवर संकेत पाळला आहे. पण नंतर कृतीच्या क्षणी कॅमेरा तेथे नसतो आणि पार्श्वसंगीत नसते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, पाहते, आणि त्याची रक्तात उमटलेली पावले अंगणात निघून जातात. ध्वनिपट्टी पूर्ण शांत होते. ज्या संगीताने तीन तास प्रेक्षागृह नाचविले, त्याच संगीताची अनुपस्थिती आता आपल्यावर टाकली जाते. उलगड्यासाठी काही उरलेले नाही, कारण कोणी केले हे आपल्याला ठाऊक आहे, का केले हेही ठाऊक आहे. आणि चित्रपटगृहातल्या त्या शांततेत आपल्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो. या घटनेचा एकमेव साक्षीदार अजून बोलू शकत नाही. जे बोलू शकतात ते सर्व खुर्च्यांवर बसलेले आहेत.

यावरही कोणी म्हणेल की, शांतता हाही एक परिणाम आहे, कालांतराने तोही संकेत होईल, आणि प्रेक्षक त्याचाही आस्वाद घेऊन घरी जाईल. हे खरे आहे. कोणतेही तंत्र कायमचे नैतिक नसते. ‘अर्धसत्य’च्या शेवटानंतर कायदा हाती घेणाऱ्या पोलिसांचे किती चित्रपट आले आणि त्या शेवटातली वेदना कशी नुसता नमुना होऊन बसली, हे आपण पाहिले आहे. तेव्हा कलाकृतीकडून हमी मागता येत नाही. तिने कोणत्या क्षणी आपल्याला निर्दोष ठेवले आणि कोणत्या क्षणी ठेवले नाही, हे पाहता येते. समीक्षेचे काम एवढे तरी आहे.

‘सामना’कडे अखेरचे पाहू. मारुती कांबळेचे काय झाले, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्न आहे. माहिती नसलेला माणूस माहिती मागतो आहे. मास्तर पहिल्यांदा ते विचारतो तेव्हा ते तसेच असते. पण उत्तर कळल्यावरही तो विचारत राहतो, आणि आता ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते की याला उत्तर माहीत आहे. तेव्हा ते वाक्य प्रश्न राहत नाही. शब्द तेच, स्वरही तोच. पण आता ते सांगणे झालेले असते. मारुती कांबळे नावाचा माणूस होता, तो आता नाही, आणि हे तुम्हांला ठाऊक आहे. गावात बाहेरून आलेल्या, अब्रू गमावलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाने दिलेली ती पहिली साक्ष असते. तिला ना शपथ लागते, ना पिंजरा. फक्त ते नाव पुन्हा पुन्हा, मोठ्याने घ्यावे लागते.

खर्ड्याच्या त्या मुलाचे नाव मी येथे घेतलेले नाही. शोकात असलेल्या एका घराची खासगी जागा मोडू नये, म्हणून. पण हे लिहिताना मला हेही कळते आहे की, न बोलण्याचे प्रत्येक कारण पहिल्यांदा असेच, सभ्य आणि पटण्यासारखे असते.